दुसरं पान

पहिल्या पानावर नेहमी घर असायचं.
धुराडं झाडून घे, वारे सुटायच्या आत.
दक्षिणेच्या भिंतीवरची नासपती माजू देऊ नकोस,
फांदी डोळ्याच्या वर छाट, तिरकी.
तपकिरी कोंबडी अजून अंडी लपवते का?
बटालियनचा कर्नल तू, तुझ्या पत्रांचा सेन्सॉरही तूच,
तरी तोफेचं नाव नाही.
वाटायचं, हा लढाईवर गेलेलाच नाही,
कुठेतरी टेकडीवर बसून माझ्या परसावर नजर ठेवतोय.

कागद उलटला की नावं.
"हेस्टर, सरकारी पाकीट पोचायच्या आधी तू जा.
माणसानं सांगावं, कागदानं नको."
आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ, एकच.
मिलबर्न : शीळ सुरेख घालायचा, मी दोनदा दटावला.
चार्लटन : चिखलात बूट गेला तर हसत उभा राहिला.

मी गेले.
जेन मिलबर्ननं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं,
आत जाऊन आधी भट्टीतला पाव काढला,
उलटा करून बोटानं वाजवून बघितला,
मग बसली.
"आता सांगा," म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यावर निळी हॅट होती.
शरदापर्यंत सगळं हेक्सॅम ती हॅट ओळखायला लागलं.
मी गिलिसगेटच्या चढावर वळले
की पडदे सरकत, पोरं आत ओढली जात,
पाववाला सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवी.
मी हॅट पेटीत टाकली. बोडक्या डोक्यानं हिंडू लागले.
मग बोडकं डोकं ही खूण झाली.

एकदा नुसती दोऱ्याचं रीळ आणायला निघाले होते.
मिसेस डॉड चौकट धरून उभ्या, ओठ पांढरे.
"दोघांतला कुठला?"
"दोरा आणायला चाललेय हो," मी म्हटलं, "काळा दोरा."
त्या पायरीवरच बसल्या आणि हसायला लागल्या.
त्यांचं हसणं थांबेना. मी तशीच उभी, हातात पाकीट.
काळा म्हणायला नको होतं.

जुलैच्या पत्रात घर नव्हतं.
दोन्ही बाजूंना नावं, एकतीस,
अक्षर तेच, ओळी सरळ, शाई कुठे पसरलेली नाही.
त्याचाच मला राग आला, एडगर.
सहा दिवस चालत होते.
डॉडांकडे शेवटी गेले.
त्यांनी या वेळी कुठला म्हणून विचारलं नाही.

जेन पुन्हा आली ती सप्टेंबरात, मागच्या दारानं.
"कर्नलीणबाई, साहेबांनी त्याच्याबद्दल लिहिलंय म्हणालात.
मला वाचता येत नाही. नुसतं बघायचंय."
मी पत्र दिलं. तिनं शिळेच्या ओळीवर बोट ठेवलं
आणि बोट उचलेना.
मी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली.

मग एकेक जण येत गेली.
तू पाठपोट लिहायचास, कागद वाचवायला,
त्यामुळे मिलबर्नांच्या बायबलात जी पट्टी आहे
तिच्या मागे लिहिलंय, "डोळ्याच्या वर छाट, ति".
चार्लटनांकडे माझी अर्धी कोंबडी आहे.

तू आलास एकोणीसच्या मार्चमध्ये.
स्टेशनवर बँड होता. लोक तुझे हात हातात घेत होते,
माझ्याशी बोलताना थोडे मागे सरकत होते.
तुला ते दिसलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

काल तू पत्रं मागितलीस.
बटालियनचा इतिहास लिहायचाय, तारखा हव्यात.
मी गठ्ठा आणून दिला.
तू वरचं पत्र उघडलंस, खिडकीसमोर धरलंस.
कागदात खिडक्याच खिडक्या,
आणि त्यांतून, तू न छाटलेली, मीही न छाटलेली,
भिंतीवर माजलेली नासपती.

बराच वेळ काही बोलला नाहीस.
मग हळूच विचारलंस, "उंदीर?"

"कात्री," मी म्हटलं.